गाव चालू असताना जा

गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक टीममधला, एक सोसायटीतला, आणि एक चक्क मेहुणा, तोही न्यू जर्सीहून, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असताना. प्रश्न असा: "कोल्हापूरला जायचंय चार-पाच दिवस. थोडं शहर, थोडं गाव. पोरांना शेतबित दाखवायचंय. बेस्ट सीझन कुठला?"

मी मूळचा तिकडचा. पोटासाठी हिंजवडीत कीबोर्ड बडवतो, पण काका अजून गावी आहेत. गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, कुंभी नदीच्या काठचं. त्यामुळे असले प्रश्न आपसूक माझ्याकडे येतात. मी तिघांनाही एकच उत्तर दिलं: जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. आणि तिघांचीही प्रतिक्रिया शब्दशः एक होती. "अरे पण तेव्हा शाळा असते ना!"

तर मंडळी, आजचा वीकेंडचा लेख ह्या "अरे पण"वर.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. कुठल्याही पर्यटनाच्या पानावर तुम्ही सीझन शोधलात तर उत्तर मिळतं "ऑक्टोबर ते मार्च". हे उत्तर कोल्हापूरला लागू पडतं, कच्छला लागू पडतं आणि कन्याकुमारीलाही लागू पडतं. जे उत्तर सगळीकडे चालतं ते कुठल्याच ठिकाणाबद्दल काही सांगत नाही. त्यात फक्त एवढंच म्हटलेलं असतं की तुम्हाला घाम कमी येईल. आता घाम कमी येणं ही वाईट गोष्ट नाही (आमच्या घरी ह्या एका मुद्द्यावर सहली रद्द झालेल्या आहेत), पण तेवढ्यासाठी दोनशे तीस किलोमीटर गाडी हाकायची गरज नाही. एसी लावला की झालं.

दुसरी चूक जरा हुशार लोकं करतात. ते शहराचा सीझन वेगळा काढतात, गावाचा वेगळा काढतात, आणि मग दोन्ही जिथे जुळतील तो महिना शोधतात. आपल्या धंद्यात ह्याला फार मान आहे, दोन अटी, एक उत्तर. कोल्हापूर शहराचा सगळ्यात देखणा काळ म्हणजे नवरात्र. अंबाबाईची रोज नवी पूजा, ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडण्याचा सोहळा, दसऱ्याला दसरा चौकातलं शाही सोनं लुटणं. आणि गावाचा सगळ्यात देखणा काळ म्हणजे, फोटोवाल्यांच्या मते, जुलै-ऑगस्ट. हे दोन जुळत नाहीत. मग माणूस तडजोड करतो, कंटाळतो, आणि शेवटी दिवाळीत किंवा मे महिन्यातच जातो, कारण तेव्हा सुट्टी असते.

माझं म्हणणं असं आहे की कोल्हापूर आणि त्याच्या भोवतीची गावं ह्या दोन जागा नाहीतच. ती एक सिस्टीम आहे. गावात ऊस, पाणी, दूध, गूळ. शहरात पेठ, सौदा, तालीम, देऊळ. आणि सिस्टीम बघायची तर ती बंद असताना बघून काय उपयोग? ती लोडवर असताना बघावी. ह्या दोघांमधली ये-जा जेव्हा सगळ्यात जास्त चालू असते, तो खरा सीझन.

आता पावसाळ्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतो.

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा आहे. तिथे पाच हजारांच्या आसपास. म्हणजे पुणेकर कात्रज ते तळेगाव जेवढं अंतर ऑफिससाठी कुरकुरत कापतात, त्यापेक्षा थोड्या जास्त अंतरात पाऊस पाचपट होतो. दर पाच-सात किलोमीटरवर पीक बदलतं, घराचं छप्पर बदलतं, माणसाच्या डोक्यावरचं बदलतं. पूर्वेला ऊस आणि टोपी, पश्चिमेला भात आणि इरलं (आता बहुतेक प्लास्टिकचा कागद). ह्या पट्ट्यात जुलैत गेलात तर हिरवा रंग डोळ्यात मावत नाही, हे मान्य. राऊतवाडीचा धबधबा, करूळ घाटातलं धुकं, सगळं मान्य. पण धुकं म्हणजे धुकंच. पन्हाळ्यावर तीन तास उभं राहून समोरची तटबंदी न दिसलेले लोक मी पाहिलेत. त्यांनी पन्हाळ्याला जाऊन कणीस खाल्लं, एवढाच त्याचा अर्थ.

ते सोडा. मुद्दा वेगळा आहे. जुलैत भाताची रोप लावण चालू असते. घरातला प्रत्येक माणूस गुडघाभर चिखलात कंबरेत वाकलेला. रोप वेळेत लागलं नाही तर उत्पन्न हातचं जातं, त्यामुळे कुणाला मान वर करायला सवड नसते. अशा वेळी आपण इस्त्रीची रेनकोटं घालून दारात उभे राहिलो तर काकू हात धुऊन चहा ठेवते. ती काही बोलत नाही. "आला न्हवं, बरं झालं, बसा की," एवढंच म्हणते. पण त्या चहापायी तिची अर्धी ओळ लावायची राहते, आणि ती नंतर अंधार पडेपर्यंत वाकून ती पुरी करते. कामाचा हंगाम बघायला जावं हे माझं म्हणणं असलं तरी त्या कामात पाहुण्याला जागा असली पाहिजे. रोप लावणीत ती नसते.

आणि पुराबद्दल बोललंच पाहिजे. शहरालगत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. कोल्हापूरच्या शाळकरी पोराला पाढ्यांआधी हे दोन आकडे पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली जाऊन पुणे-बंगळूर वाहतूक काही दिवस ठप्प होती. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कुणाची परवानगी लागत नाही. "दरवाजे उघडले" ही बातमी आली की खालच्या गावांत लोकं जनावरं हलवायच्या तयारीला लागतात, आणि त्याच बातमीवर पुण्या-मुंबईतली लोकं गाडीची चावी शोधतात, धबधब्यासारखं पाणी बघायला! हा विरोधाभास मला दरवर्षी खुपतो. त्यांना बघायचं तर बघू देत, पण ह्याला गाव बघणं म्हणू नये.

मे महिना. माझ्या आणि तुमच्या पिढीचं गाव म्हणजे मे महिन्यातलं गाव. आंबे, विहीर, पत्ते, रात्री अंगणात अंथरुणं. मला त्याबद्दल वाईट बोलायचं नाही, माझं अर्धं बालपण त्यात आहे. पण तेव्हा आम्ही सहा आठवडे राहायचो. सहा आठवड्यांत गाव कसंही कळतंच. चार दिवसांच्या सुट्टीत मे महिना काय दाखवतो? पारा अडतीसच्या आसपास, दुपारी बारा ते पाच कुणी घराबाहेर नाही, शेत एकतर मोकळं किंवा हातभर ऊस, नदीचं पात्र कोरडं, लग्नसराईची डॉल्बी. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. गुलालाने लाल झालेला डोंगर आणि आभाळात नाचणाऱ्या सासनकाठ्या. ती एकदा बघावीच, पण ती यात्रा आहे, सुट्टी नाही. लहान मूल कडेवर घेऊन तिथे जाऊ नका.

आमची कन्या सात वर्षांची असताना तिला कुणीतरी विचारलं, "गाव कसं आहे गं तुझं?" तिने क्षणभर विचार करून सांगितलं, "तिथे सगळे झोपलेले असतात." तिच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. तिने गाव तीनदा पाहिलेलं, तीनही वेळा मे महिन्यात, तीनही वेळा दुपारी. दिवाळीत नेलं असतं तर ती म्हणाली असती, "तिथे सगळे फराळ खात असतात." म्हणजे शहर ती चालू स्थितीत बघते आणि गाव कायम सुट्टीवर असलेलं. अशी पोरं मोठी होऊन म्हणणार की गावाला काहीच होत नाही, आणि आपण त्यांना कुठल्या तोंडाने रागावणार? तुम्ही कुठला महिना निवडता त्यावर पोराच्या डोक्यात गाव काय म्हणून बसतं हे ठरतं. म्हणून मला हा प्रश्न हवापाण्याचा वाटत नाही.

आता गुऱ्हाळ. इथे मी जरा सैल सुटणार आहे, वाचायला लागलाच आहात तर सोसा.

उसात साखर भरायला थंडी लागते. पाऊस थांबला, रात्री गार झाल्या की उसाची वाढ मंदावते आणि बनलेली साखर वाढीत खर्च न होता कांड्यांत साठते. म्हणून कारखान्यांचा उतारा हंगामाच्या सुरुवातीपेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत चांगला लागतो. कोल्हापूर विभागाचा उतारा बारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभर किलो उसातून बारा किलो साखर. राज्यात हा भाग त्यात वरच्या नंबरात असतो. गुळाचंही तेच. शिवाय गूळ हवेतलं पाणी ओढतो. दमट हवेत केलेला गूळ पाघळतो, त्याला रंगही येत नाही. कोरड्या थंड हवेत ढेप खणखणीत बसते. थोडक्यात काय, दिवाळीला गुऱ्हाळं नुकती पेटलेली असतात आणि संक्रांत उलटली की गुळाला खरी चव येते. माझ्या "जानेवारी अखेर"चं मूळ कारण हे आहे. बाकी सगळं बोनस.

गुऱ्हाळावर पहाटे जावं. चौदा-पंधरा अंश, शेतावर धुक्याची पातळ चादर, आणि लांबूनच वास येतो. कारखान्याच्या मळीचा वास वेगळा (तो नाक मुरडायला लावतो), हा वेगळा. चरकात ऊस सरकत असतो, रस पन्हाळीतून हौदात, तिथून काहिलीत. काहील म्हणजे एवढी मोठी पसरट कढई की आमची बाल्कनी तिच्यात बसेल. खाली चुलवाण, त्यात वाळलेलं चिपाड सारत एक माणूस बसलेला. लाकूड नाही, कोळसा नाही, डिझेल नाही. रस काढून झाला की उरलेलं चिपाड अंगणात वाळत टाकतात आणि तेच दुसऱ्या दिवशी त्याच रसाखाली जळतं. आमच्या ऑफिसात सस्टेनेबिलिटीवर दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, प्रमाणपत्रासकट. ते चिपाड वाळवणाऱ्या मावशींना दाखवायचा धीर मला झाला नाही. :-)

रस उकळायला लागला की रानभेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. आणि मग गुळव्या. सगळी कामं एकीकडे आणि गुळव्या एकीकडे. पाक तयार झाला हे तो कसं ओळखतो? बुडबुड्यांच्या आकारावरून, फावड्यावरून ओघळणाऱ्या धारेवरून, थेंब पाण्यात टाकून बोटांनी वळलेल्या गोळीवरून. दोन मिनिटं आधी उतरवली तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर करपतो, आणि अख्ख्या काहिलीचा ऊस वाया. तो "उतरा" म्हणाला की चार-पाच जण एकदम धावतात आणि काहील वाफ्यात उलटी होते. त्या वेळी कुणी कुणाशी बोलत नाही. मी प्रॉडक्शनवर रिलीज जाताना माणसांचे चेहरे पाहिलेत, तेही त्यापुढे निवांत वाटतात.

मग पोरांची पाळी. उसाच्या कांडक्याला गरम गूळ गुंडाळून हातात मिळतो. काकवी मिळते. कन्येने फ्रॉक, केस आणि आजोबांचं धोतर असं सगळं चिकट करून ठेवलं आणि दिवसभरात एकदाही टॅब मागितला नाही. तिथेच बाजूच्या शेतात तोड चालू होती आणि बांधापलीकडे नवी लागण. एकीकडे उभा ऊस पडतोय, दुसरीकडे सरीत कांड्या टाकून पाणी सोडलंय. पीक संपणं आणि सुरू होणं एका वेळी, हाताच्या अंतरावर दिसणारे ह्या भागातले हेच तेवढे आठवडे.

दुपारी काकांच्या ओळखीच्या टेम्पोतून गुळाचे रवे शहराकडे निघाले आणि आम्ही मागोमाग गाडी काढली. इथे शहर आणि गाव जोडलं जातं. मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात. मुहूर्ताचा सौदा दिवाळी पाडव्याला निघतो, पण ढीग बघायचे तर माघातच. व्यापारी रव्याला टोचून, चुरा तोंडात टाकून, उजेडात धरून भाव बोलतो. पहाटे गुळव्याने जे दोन मिनिटांत ठरवलं त्याचा निकाल इथे दहा सेकंदांत लागतो. शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली तीच मुळात गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. कन्येने तिथे विचारलं, "म्हणजे काका-आजोबांचा गूळ चांगला आहे की नाही हे हे काका ठरवणार?" एवढा प्रश्न तिला पडला, माझे पैसे वसूल.

शहरातलं बाकीचं मी भराभर सांगतो. पहाटे गंगावेशीतली किंवा मोतीबागची तालीम, संध्याकाळी दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध, रंकाळ्यावरचा वारा, १९१२ सालचं खासबाग मैदान रिकामं असलं तरी. तांबडा-पांढरा कुठे खावा यावर मी लेखात नाव घेणार नाही, भांडणं होतात.

पण किरणोत्सवाबद्दल थांबून सांगायला हवं, कारण इंजिनिअर माणसाला तो आवडतोच. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि थेट गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. हेच पुन्हा ९, १० आणि ११ नोव्हेंबरला. दोन तारखा का? मोजून बघा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत एकेचाळीस दिवस, आणि २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत बेचाळीस. दक्षिणेकडे जाताना सूर्य क्षितिजावर ज्या बिंदूला मावळतो, परत येताना त्याच बिंदूला मावळतो. कुठलंही सॉफ्टवेअर नसताना कुणीतरी हे दगडात बसवून ठेवलंय. ढग आले, धूळ असली, वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं तर किरणं मध्येच अडतात, असंही होतं. ती जोखीम धरून चला. नोव्हेंबरात मागे रेंगाळलेले पावसाळी ढग आडवे येण्याची भीती जास्त, हे माझ्या बाजूचं आणखी एक कलम.

आता "शाळा असते ना"कडे येतो.

तोडीच्या शेतात ज्या कोप्या दिसतात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या, त्यात ऊसतोड मजुरांची कुटुंबं राहतात. बरीचशी मराठवाड्यातून, बीडकडून आलेली. नवरा-बायको मिळून एक "कोयता" मोजला जातो. दिवाळीच्या आसपास येतात, मार्चपर्यंत असतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते, मोळ्या बांधून, डोक्यावरून ट्रॉलीत भरून. त्यांची पोरं तिथेच शेताच्या कडेला. काहींना साखरशाळा मिळते, बऱ्याच जणांचं वर्ष त्या पाच महिन्यांत निघून जातं. माझ्या मुलीने तिच्याच वयाच्या एका मुलीला बघितलं, तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. घरी येताना तिने गाडीत विचारलं, "ती कुठल्या शाळेत आहे?" मी खरं ते सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

आपल्या पोरांचे चार दिवस बुडणार म्हणून मला लोक जेव्हा गंभीर चेहऱ्याने समजावतात, तेव्हा मला हे आठवतं. चार दिवस! तिसरी-चौथीतल्या मुलाचे चार दिवस बुडाल्याने नक्की काय बुडतं? एक युनिट टेस्ट, एक हस्तव्यवसाय, आणि व्हॉट्सअॅपवरून उतरवून घेता येईल एवढा गृहपाठ. दहावी-बारावीवाल्यांना मी हे सांगत नाहीये. पण पहिली ते सातवी ही सात वर्षं आहेत, त्यातले फक्त एका वर्षातले चार दिवस मी मागतोय.

आणि घाई का, तर गुऱ्हाळं कमी होताहेत. मी शाळेत असताना आमच्या पंचक्रोशीत पाच गुऱ्हाळं होती. आता एक आहे, तेही गावाच्या वेशीबाहेरचं. काकांना विचारलं तर ते सरळ हिशेब सांगतात. "कारखान्याला घातला की बिल खात्यावर येतंय बाबा. गुऱ्हाळाला पंधरा माणसं लागत्यात, आणि गुळव्या आणायचा कुठनं? त्याची पोरं पुण्यात तुझ्यासारखी." साखर मिसळून स्वस्तात केलेल्या गुळाशी स्पर्धा आहे ती वेगळीच. थंडी पुढची शंभर वर्षं येत राहील, ऊसही असेल. पण पुढच्या दहा वर्षांत त्या काहिलीसमोर उभं राहून बुडबुडे वाचणारा माणूस किती ठिकाणी असेल, ह्याची मला खात्री देता येत नाही. मे महिना दरवर्षी आहे. त्यासाठी थांबता येतं.

तक्रारी आहेत, लपवत नाही. ह्या दिवसांत रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांचे असतात. एकामागे दोन ट्रॉल्या, उंच भरलेल्या, मागे दिवा असला तर नशीब, आणि पुढे टेपवर गाणी अशा आवाजात की ट्रॅक्टर येण्याआधी गाणं येतं. अंधारात गाडी चालवू नका, साडेसहाच्या आत मुक्कामाला पोचा. कारखान्याच्या चिमणीची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. दुपारी तीस अंश होतात, टोपी लागते. आणि हिरवागार वगैरे देखावा हवा असेल तर निराश व्हाल. माळ तोवर पिवळे पडलेले असतात. दाजीपूरच्या जंगलात मात्र जाता येतं, पावसाळ्यात ते बंद असतं. १९५८ साली घोषित झालेलं ते राज्यातलं पहिलं अभयारण्य. गवा दिसला तर दिसला.

सुट्टीचं गणित: मी चार दिवस टाकतो, वीकेंड जोडून. आमच्याकडे जानेवारीच्या शेवटी अर्ध्या लोकांची लीव्ह नव्याने जमा झालेली असते आणि कुणीच मागत नाही, सगळ्यांनी डिसेंबरात उधळलेली असते. माझ्या मॅनेजरने आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही. दिवाळीला हाच अर्ज टाकून बघा.

मेहुण्याचं प्रकरण वेगळं. त्याच्या पोरांना नाताळचीच सुट्टी मिळते, फेब्रुवारी त्याला शक्य नाही. त्याला मी सांगितलंय की डिसेंबर चालेल, गुऱ्हाळं तेव्हाही जोरात असतात. फक्त उतरल्या उतरल्या आधी गावी जा आणि पंचवीस ते एक ह्या दिवसांत शहर आणि पन्हाळ्याच्या वाटेला जाऊ नको, देवळातली रांग तुला रस्त्यापर्यंत दिसेल. शहर दोन जानेवारीनंतर कर. किरणोत्सव हुकेल, पण एखाद्या नोव्हेंबरात एकटा ये.

आणि ज्यांचं तिकडे कुणीच नाही त्यांनी काय करायचं? काही नाही. धूर दिसेल तिथे गाडी बाजूला लावायची आणि चालत जायचं. चरकापासून पोरांना लांब धरायचं, चप्पल घालून काहिलीजवळ जायचं नाही, आणि कामाच्या मध्ये न येता एका कडेला उभं राहायचं. कुणीतरी "या की पाव्हणं" म्हणतंच. रस प्यायला पैसे घेणार नाहीत, म्हणून निघताना गूळ विकत घ्या, घासाघीस न करता. काकवीसाठी घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पाण्याच्या बाटलीत गरम काकवी ओतली की बाटली वाकते, आणि गाडीच्या डिकीतले मुंगळे पुढे पाडव्यापर्यंत जात नाहीत.